घारापुरीची आत्या

घारापुरीला तुम्ही गेला असाल, तर गेटवेवरून लाँचने गेला असाल. पायऱ्या चढला असाल, लेणी बघितली असतील, मीठ-मिरची लावलेली काकडी खाल्ली असेल आणि शेवटची लाँच धरून परत आला असाल. म्हणजे तुम्ही घारापुरीला गेलेलाच नाहीत. राग आला तर येऊ दे, मलाही येतो. त्या बेटावर तीन गावं आहेत. तिथे माणसं जन्मतात, भात लावतात, भांडतात, मरतात. आणि पायऱ्यांवरचा गाइड देवाच्या मुकुटापासून खांबाच्या पायापर्यंत सगळं सांगतो, पण वाटेत डोक्यावर हंडा घेऊन बाई दिसली की म्हणतो, "लोकल." एवढंच. आम्ही लोकल.

मी गेले पौष महिन्यात, मागच्या बाजूने, न्हाव्याहून. का गेले ते आधी सांगते.

आमचं गाव रबाळे आणि कोपरखैरण्याच्या मधे, खाडीला लागून आहे. लागून होतं, असं म्हणायला हवं. आता गाव आणि खाडी यांच्यामधे सेक्टर आहेत. जमिनी शहरासाठी गेल्या तेव्हा मी शाळेत होते. आता मी गावच्या समितीची पत्रकं लिहिते. 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की आमची आई सकाळी मला त्याच वाक्याने उठवते. दिवाळीनंतर आम्ही बेलापूरला एका कार्यालयात गेलो होतो, गावदेवीपुढची मोकळी जागा तशीच सोडा म्हणायला. साहेब चांगला होता, चहा पाजला. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "पण मॅडम, तुमच्या गावात जुनं असं राहिलंय काय? घरं सगळी स्लॅबची. भाषा म्हणाल तर तुम्ही माझ्यासारखंच बोलताय."

मी खूप काही बोलले. सगळं पत्रकासारखं बोलले. बाहेर आल्यावर कळलं, त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलंच नाही.

म्हणून ठरवलं, पुस्तिका काढायची. नाव: 'आम्ही कोण?' पहिलं प्रकरण धवल्याचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आगरी लोकांत लग्न भटजी लावत नसे, बाई लावायची. तिला धवलारीण म्हणतात. मांडवाला उंबराची डहाळी आणली की तिचं गाणं सुरू, ते थेट लग्न लागेपर्यंत. त्या गाण्याचं नाव धवला. धवल्यात ती गावातल्या एकेका देवाला नाव घेऊन, त्याच्या जागेवरून उठवून लग्नाला बोलावते. आमच्या गावातली शेवटची धवलारीण मी सातवीत असताना गेली. तेव्हापासून भटजी येतो, घाईत असतो, आणि मंगलाष्टकं कॅसेटवर.

आई म्हणायची, आपल्या गावची एक मुलगी, चांगुणा, फार पूर्वी घारापुरीला दिली, ती तिकडे धवलारीण झाली. आपल्या गावचा धवला तिला तिच्या आईकडून आलाय. तो आता तिच्याशिवाय कोणाला येत नाही. मी समितीचा टेपरेकॉर्डर मागून घेतला, कोऱ्या कॅसेट आणि सेल घेतले आणि निघाले.

आणि हो, माघात माझं लग्न ठरलं होतं. ते काही या प्रवासाचं कारण नव्हतं. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगत होते.

न्हावा

माझी मावसबहीण रंजना घारापुरीच्या राजबंदर गावात दिलीय. तिचा नवरा धर्मा मला न्यायला होडी घेऊन आला होता. ओहोटी लागलेली, होडी लांब उभी, मधे चिखल. मी खाडीची मुलगी, चिखलाला कशाला भिते, म्हणून ऐटीत उतरले. तिसऱ्या पावलाला डावी चप्पल चिखलाने गिळली. हात घालून शोधली, मिळाली नाही. गुडघ्यापर्यंत काळी झाले आणि धर्मा होडीत बसून पोट धरून हसतोय.

"काय मेवने, येक चप्पल घालून लंगरी खेलनार काय बेटावर? दुसरी पन दे तिला. जोरी तरी होईल तिची."

मी दुसरीही टाकून दिली. आमच्याकडे अशा चिखलात पाय घालून किती वर्षं झाली ते आठवायला लागले. आता आमच्या खाडीच्या चिखलात कोणी पाय घालत नाही, नंतर खाज सुटते. कारखान्यांचं पाणी. लहानपणी आम्ही याच चिखलात निवट्या पकडायचो, उड्या मारणारे ते चपळ मासे. हल्ली कोणी आणल्याच तर आई वास घेते आणि मांजराला घालते. मांजरही वास घेतं.

होडी सुटली. एका हाताला बंदराच्या क्रेन, दुसऱ्या हाताला तेलाच्या बोटी, आणि समोर दोन डोंगरांचं हिरवं बेट. धर्मा म्हणाला, "आमचा घर बग. आता हातात हाय असा वाटतो, आनि जाता जाता दम जातो."

राजबंदर

रंजनाचं घर कौलारू, अंगण शेणाने सारवलेलं, अंगणात पेंढ्याची उडवी. भात झोडून झालं होतं आणि खाचरात वाल पेरलेला, हिरवागार. मी तो बघत उभी राहिले तर रंजना म्हणाली, "काय बगतस? वाल हाय. कंदी बगला नाय काय?"

बघितला होता. आमच्या दारात बघितला होता. जिथे तो व्हायचा तिथे आता एका सोसायटीचं पार्किंग आहे आणि वॉचमन आम्हाला आत जाताना विचारतो, किसके यहाँ जाना है.

जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. मी पहिला घास घेतला आणि तो तोंडात घोळवत बसले. रंजनाला वाटलं तिखट लागलं, तिने पाणी पुढे केलं. तिखट नव्हतं. निवटीला निवटीची चव होती, बस.

अंधार पडला तशी तिने चिमणी लावली. बेटावर वीज नाही. समुद्रापलीकडे मुंबईचा उजेड एवढा की आभाळ पिवळं, पलीकडे बंदरात तर रात्र होतच नाही, आणि इथे माणसं चिमणीच्या उजेडात मासळीचे काटे काढतायत. माझं डोकं तापलं. मी धर्माला म्हटलं, "भावोजी, तुम्ही लोकांनी मोर्चा काढायला पाहिजे. मी पत्रक लिहून देते. आजच देते."

"दे," धर्मा म्हणाला. "पन मेवने, सकाली वाटाया लागंल. पत्रक वाचाला दिवा लागतो."

त्याची आंधळी आई कोपऱ्यात बसली होती, ती सगळ्यांत मोठ्याने हसली.

मला राग आला आणि मग गेला. आमच्या गावात वीज आहे, टाइल्स आहेत, केबल आहे, आणि संध्याकाळी सगळी दारं बंद करून आपापल्या टीव्हीसमोर बसतात. इथे जेवण झालं तसं शेजारी-पाजारी अंगणात येऊन बसले. पाहुणी आली म्हणून. कोणाची, कुठली, कोणाची नात, असं करत करत दोन नाती निघाली माझी त्या अंगणात. बेटावरच्या मुली आमच्या खाडीच्या गावांत दिलेल्या आणि आमच्या इथे. मधलं पाणी कोणी अडचण धरत नव्हतं. पाणी म्हणजे रस्ता. रस्ता झाल्यावर मात्र आमचं जाणं-येणं थांबलं. ही गोष्ट मी कुठल्याच पत्रकात लिहिलेली नाही.

शेतबंदर

दुसऱ्या दिवशी रंजनाच्या चपला घालून तिच्याबरोबर लेण्यांच्या बाजूला गेले. शेतबंदरला लाँच लागतात, आणि पायऱ्यांवर दोन्ही अंगांना बेटावरच्या बाया बसतात. बोरं, पेरू, थंड पाणी, लाकडाचे हत्ती. एक गोरा पाहुणा डोलीत बसून वर चालला होता आणि डोलीच्या पुढच्या दांडीखाली धर्माचा खांदा होता. कालचा हसणारा धर्मा. त्याने मला बघून भुवई उडवली. मी उगाच दुसरीकडे बघितलं.

चांगुणाबाई चिंचेखाली बसली होती. अंगाने काटकुळी, लुगडं गुडघ्यावर घट्ट खोचलेलं, नाकात मोठी नथनी, पुढ्यात बोरांची टोपली. मी वाकून म्हटलं, "आजी, नमस्कार. मी नवी मुंबईतून आलेय."

"बोरां घे नाय तं सावलीतून सर."

रंजना मधे पडली. "काकी, ही तुमच्या म्हायेरची."

"कनच्या घराची?"

मी आजोबांचं नाव सांगितलं. तिने बोरांवरची माशी उडवायचा हात थांबवला. "उघारीवरच्या घराची?"

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला उघडायचं, भरतीला लावायचं, खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून. आमचं घर त्या उघाडीवर राखण करणारं. गावात आम्हाला अजून त्याच नावाने ओळखतात, उघाडी जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

"हो, त्याच घराची."

"मंग आजी काय बोलतेस? आत्या बोल. गावाची पोर हाय मी."

मला आनंद झाला. इतका की मी लगेच घोडचूक केली. पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला, बोरांच्या टोपलीवर ठेवला आणि लाल बटण दाबून म्हणाले, "आत्या, आपल्या गावचा धवला म्हणा. इथे तोंड करून म्हणा."

आत्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"रंजे, ह्या पोरीला काय लागलाय काय? पौसात धवला?"

पौषात लग्नं होत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही. लग्नाच्या दिवसांत मी मोर्च्यांत असते आणि पौषात मोकळी, म्हणून मी पौषात गेले, एवढा साधा हिशेब केला होता. मी समजवायला गेले की हे लग्न नाही, नुसती नोंद आहे.

"धवल्यात मी देव उठवतंय," आत्या म्हणाली. "देव जागेवरून उठून येल. बगल, ना मांडव, ना हलद, ना नवरी. मंग त्याला काय सांगू? ये, तुज्या डब्यात बस?"

आजूबाजूच्या बाया हसायला लागल्या. मी इरेला पेटले. म्हटलं, "आत्या, ही आपली संस्कृती आहे. तुमच्याबरोबर ती संपून जाईल. तुम्ही गेल्यावर कोणाकडे मागायचं आम्ही?"

"मी कुठं चाललंय?"

आणि तेवढ्यात चिंचेवरून एक माकड उतरलं, माझी पिशवी उचलली आणि वर गेलं. पत्रकांचा गठ्ठा हुंगून त्याने खाली टाकला. कॅसेट मात्र त्याला आवडली. दाताने फोडली, आतली फीत ओढत ओढत या फांदीवरून त्या फांदीवर गेलं. भर उन्हात चिंचेवर तपकिरी फीत चमकत होती आणि गोरे पाहुणे तिचे फोटो काढत होते. धर्मा खाली डोली ठेवून कपाळ पुसत म्हणाला, "बरा झाला. तुझा काम माकरानं केला. सगल्या बेटावर धवला लावला."

आत्या हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. टोपलीतली बोरं माझ्या ओंजळीत घातली आणि म्हणाली, "उद्या घरी ये. मोरबंदरला. त्यो डबा नको आनू."

मोरबंदर

शेतबंदरहून डोंगराच्या कडेने वाट जाते. करवंदीच्या जाळ्या, मग पाण्याचं तळं, मग एकदम उतार आणि खाली तिवरांतून दिसणारं पाणी. मोरबंदर तिन्ही गावांत सगळ्यांत शांत. इथे पर्यटक येत नाहीत, म्हणून इथली माणसं माणसांसारखी बघतात, काही विकायला आल्यासारखी नाही.

आत्याने कोरा चहा केला. मी टेपरेकॉर्डर आणला नव्हता, त्यामुळे हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. आत्या विचारत होती, कोण आहे, कोण गेलं. मी सांगत होते. तिच्याशी बोलता बोलता माझी जीभ वळायला लागली, 'पानी' म्हटलं, 'नाय' म्हटलं. बेलापूरच्या साहेबाने ऐकलं असतं तर बरं झालं असतं. घरी मी असं बोलत नाही. कधी सोडलं तेही आठवत नाही. वाशीच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सोडलं असणार.

मग रंजना बोलली. तिला राहवलं नाही. "काकी, ही सांगत नाय, पन नवरी हीच हाय. माघात हिचा लगीन हाय."

आत्याने बशी खाली ठेवली.

"आनि काल मुकाट बोरां खाल्लीस? नवरा कोनचा?"

"कोपरखैरण्याला राहतात. मूळचे साताऱ्याकडचे. समितीतच ओळख झाली."

"घाटावरचा! मासली खातो?"

"शिकतोय."

"काटं काराला शिकव पयला, नाय तं हलदीलाच मरंल." मग आवाज बदलून, "धवला कोन म्हननार?"

मी म्हटलं, भटजी येणार आहे.

"भटजीला उघारीवरची बाय म्हाईत हाय?"

बाय म्हणजे देवी, आमच्या उघाडीच्या दाराशेजारची.

"सुपारी कुठं हाय?"

आता हे मी सांगायला पाहिजे नव्हतं, पण सांगते. धवलारणीला लग्नाला बोलवायचं तर तिच्यापुढे सुपारी ठेवतात. सुपारी ठेवली की ती बांधली गेली. माझ्या आईने दहा वेळा सांगितलं असेल. मी समितीची पत्रकं आणली होती, सेल आणले होते, कोऱ्या कॅसेट आणल्या होत्या. सुपारी आणली नव्हती. कारण मी बोलवायला आलेच नव्हते. असं मी समजत होते. आणि ती मागितली तेव्हा मला एवढं रडू का यावं?

रंजना शेजारून सुपारी घेऊन आली. मी ती आत्यापुढे ठेवली. पण तिने उचलली नाही.

"आदी वाट सांग," ती म्हणाली आणि डोळे मिटले. "मी गावात आली नाय किती वर्सां झाली. कोन देव कुठं हाय म्हाईत नाय तं बोलवू कुठून? गावदेवी?"

"आहे तिथेच. नवीन देऊळ बांधलं. मार्बल लावलंय."

"पाय घसरंल तिचा. आंब्याखालचा बापदेव?"

"आंबा तोडला. बापदेव शाळेच्या कुंपणात आहे, पाण्याच्या टाकीमागे. शेंदूर लावतात दर वर्षी."

"खारीवरचा चेरा?"

चेडा म्हणजे शेताच्या राखणीचा देव. तो मला चांगला माहीत होता. "तिथे बसडेपो झाला. भिंत बांधताना त्याला उचलून टाकणार होते. आम्ही भिंतीसमोर बसलो दोन दिवस. आता भिंतीतच कोनाडा ठेवलाय त्याला."

आत्याने एक डोळा उघडला. "चेऱ्यासाठी मोर्चा?"

"हो."

"मंग खुस असंल तो. त्याला भांडनांची हौस. मिठागराची बाय?"

"रबाळ्याच्या रस्त्याला, एका टपरीच्या मागे. टपरीवाला भय्या आहे, तोच दिवा लावतो."

"कोन पन असू दे. लावतो ना? बरा. उघारीवरची बाय?"

पत्रकात मी याचं उत्तर खूप वेळा लिहिलंय. 'आमच्या दैवतांवर बुलडोझर' वगैरे. तिथे ते लिहिता येतं. शाळेत असताना भरावाच्या मुरुमाचे ट्रक मी पायरीवर बसून बघितले होते. उघाडीचं दार, बांध, आणि दाराशेजारचा तो शेंदरी दगड, सगळ्यांवर मुरूम पडला. त्या दिवशी मोठी माणसं कुठे होती कोण जाणे. दगड कोणी उचलला नाही.

"ती नाही, आत्या. तिच्यावर रस्ता आहे. बाजूला रो-हाऊस आहेत."

आत्याने डोळे उघडले. दारातून समोर पाणी दिसत होतं आणि पलीकडे क्रेन.

"मना न्यायाला म्हायेरची होरी यवाची," ती म्हणाली. "दर वर्साला, शिमग्याला. भरतीच्या पान्यावर सरल उघारीशी लागायची. मी उतरली का पयला नारल तिचा. मंग घर. मंग ती उघारी बंद झाली, होरी बंद झाली. माजा भाऊस आलता येकदा. बोलला, वाशीपरयंत ये, म्होरं रिक्षा हाय. रिक्षातून उतरून मी कुठं उभी रावू, बाय? मना त्या गावात वाट उघारीपासनंच म्हाईत."

रंजना पदराने नाक पुसत होती. मी इतक्या सभांत बोललेय, लोकांना रडवलंय, घोषणा द्यायला लावल्यात. तिथे मी फक्त ती सुपारी तिच्याकडे थोडी सरकवली.

मग आत्याने सुपारी उचलली आणि कनवटीला लावली.

"मी यईन. होरीनं यईन. ती पान्याची बाय. रस्त्याखाली दगर रायला, बाय नाय. बाय पान्यात असंल. पान्यातनं आवाज देईन तिला."

"आत्या, आता तिथे होडी येत नाही. सगळीकडे गाळ, तिवरं. गावातल्यांच्याच होड्या दिवाळे गावाला लागतात, बेलापूरजवळ. तिथून आमचं गाव कुठल्या कुठे."

"ते तू बग. सुपारी तू दिलीस."

"आणि आता, नुसतं उघाडीवरच्या बायेचं एक कडवं तरी... टेप नाही आणला मी."

"नवरीनं आपला धवला हलदीआदी ऐकू नय." तिचा नियम होता की आमचा सगळ्यांचा, मला माहीत नाही. आता सांगणारं कोण आहे? "आनि होरीकरं तू यवाचा नाय. हलद लागलेली नवरी पान्यावर जात नाय."

म्हणजे ज्याच्यासाठी आले होते ते मला ऐकायला मिळणारच नव्हतं. आज मोरबंदरलाही नाही आणि हळदीच्या दिवशी होडीपाशीही नाही.

धर्माच्या होडीतून परत येताना मी मागे बघत होते. मोरबंदरच्या धक्क्यावर ती उभी होती, हात वगैरे न हलवता. बेट लहान होत गेलं आणि मला उगाच वाटत राहिलं की मी माहेराहून निघालेय.

परत

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, येडी झालीस. होडी गावात आणायची? लोक हसतील. दोन दिवसांनी अमावास्या होती. दुपारी भरतीच्या वेळी आई मला म्हणाली, चल. आम्ही दोघी रो-हाऊसच्या मागे गेलो, जिथे सेक्टरचा नाला खाडीला मिळतो. एरवी तिथे प्लास्टिक आणि चिखल. त्या दिवशी उधाणाचं पाणी तिवरांतून सरळ आत आलं होतं, नाल्याच्या पुलाला टेकलं होतं. होडीला पुरेल इतकं. आई पुलावर उभी राहून बघत होती, म्हणाली, "इथनं उघाडी हाकेवर."

पण सासरच्यांनी धरलेली लग्नाची तारीख होती अष्टमीची. अष्टमीला भांगाची भरती, पाणी अर्ध्यातही येत नाही. मी कोपरखैरण्याला गेले. होणाऱ्या सासूबाई भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, लग्न पुनवेला धरू या, हळदीच्या दिवशी पाणी चढलेलं पाहिजे.

"भरती बघून लगीन?" सासूबाई थापायच्या थांबल्या. "आमच्याकडं पाणी हिरीत आसतंय, बाई. ते जागचं हालत न्हाई."

मी सगळं सांगितलं. सुपारी, होडी, रस्त्याखालची बाय. त्यांनी ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली, उलटली आणि म्हणाल्या, "आमच्यातबी जात्यावर हळद दळताना सगळ्या देवांला बोलावत्यात. कुणाचा देव मागं ठिवून लगीन करू नये. धरा पुनव. भटजीला मी सांगते."

पुनवेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या भरतीला, धर्माची होडी नाल्यात आली. हे मी बघितलं नाही. मला हळद लागली होती आणि मी घरात पाटावर बसून होते. गावातल्या बाया आईबरोबर पुलाकडे गेल्या होत्या. ज्या बाया समितीच्या सभेला बोलावून येत नाहीत, त्या सगळ्या गेल्या होत्या. घरात मी आणि एक शेजारीण. मी कान देऊन बसले होते. रबाळ्याच्या कारखान्याचा भोंगा ऐकू आला, पलीकडच्या सोसायटीत कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, आणि काही नाही.

बऱ्याच वेळाने त्या आल्या. आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, पायांना काळा चिखल, तशीच टाइल्सवरून आत आली. पाहुण्यांच्या चपलासुद्धा जिन्यात काढायला लावणारी आमची आई. माझ्यासमोर बसली, हळदीची वाटी पुढे ओढली. मी विचारलं, "होडी लागली?"

"लागली. ती पान्यातच उतरली, बाय. कंबरेइतक्या. आमी पन उतरलू." हळद कालवता कालवता म्हणाली, "तिचं नाव मी इसरले होते. उघाडीवरच्या घरची सून असून."

दारात गलका झाला, बाया बाजूला सरल्या आणि आत्या दारापुढच्या मांडवात आली. ओली, डोक्यावर उंबराची डहाळी. माझ्याकडे बघितलंही नाही. मांडवाच्या खांबाला डहाळी टेकवली आणि उभ्या उभ्या आवाज लावला. इतक्या काटकुळ्या बाईचा एवढा आवाज. मार्बलवरून सांभाळून ये, गावदेवी. टाकीमागून ये, बापदेवा. भिंतीतून ये, डेपोच्या भिंतीतून, चेड्या. टपरीचा दिवा विझवू नको, तसाच घेऊन ये, मिठागराच्या बाये. मी मोरबंदरला सांगितलेली सगळी वाट तिने धवल्यात घातली होती, आणि ती जशी काय पूर्वीपासून तिथेच असावी तशी बसली होती. बाया मागून ओळ उचलत होत्या, काही हसत होत्या, काहींना पुढे म्हणवत नव्हतं.

मग तिने उघाडीवरच्या बायेचं नाव घेतलं. मी ते पहिल्यांदाच ऐकलं. आईचा हळदीचा हात माझ्या पावलावर थांबला. आत्या डोळे मिटून उभी होती, लुगड्यातून खाडीचं पाणी टपटपत होतं.

"आली," ती म्हणाली, आणि पुढचा देव घेतला.